तलावाकडची ओळ

रुपालीच्या स्टुडिओत जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचीच वर्दळ जास्त. आरमोरीच्या बसस्टँडसमोर तिचं दुकान. लग्नसराई सोडली तर रोजचं गिऱ्हाईक ठरलेलं. कुणाचा तरी मुलगा यायचा, हातात आधारकार्ड नाहीतर कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा फोटो. "ताई, हे आमचे बाबा. तेरवीले फ्रेम पाहिजे." मग रुपाली त्या घोळक्यातून बाबांचं डोकं अलगद उचलायची, मागं निळं आभाळ लावायची आणि सारा जन्म बनियनवर काढलेल्या माणसाला कोट-टाय चढवायची. घरचे लोक फ्रेम बघून रडायचे आणि वर म्हणायचे, "अगदी साहेब दिसून राह्यले." कोटाला कुणी कधी हरकत घेतली नाही.

साऱ्या तालुक्याच्या मायबापांना असं भिंतीवर बसवणाऱ्या या बाईकडे स्वतःच्या आईचा मात्र एकही फोटो नव्हता. आईचं नाव मंगली. रुपाली तीन वर्षांची असताना ती तापानं गेली. घर ढिवरांचं, पुरुष तलावात जाळं टाकायचे आणि बायका बाजारात मासोळी विकायच्या. फोटो काढून घ्यायला स्टुडिओत जावं असं त्या घरात कुणाच्या मनात आलं नसावं. बाप पुढे कोळशाच्या खाणीत कामाला म्हणून घुग्घुसला गेला, तिथंच त्यानं दुसरं घर केलं. पोर राहिली ती थोरल्या काकूजवळ, गिरजाबाईजवळ. रुपाली तिला 'मोठी माय' म्हणायची. तिनंच न्हाऊमाखू घातलं, तिनंच रट्टे दिले, तिनंच मासोळी विकून नागपूरला फोटोग्राफी शिकायला धाडलं. प्रेमाला काही कमी नव्हती. पण आईचा चेहरा कसा होता, हे काही केल्या रुपालीला आठवायचं नाही. आठवायचा तो फक्त ओल्या लुगड्याचा गारवा. आता चाळिशी आली, तरी ही खंत गेली नव्हती.

यंदा मंडईचं निमित्त झालं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे येतात, रात्रभर नाटकं चालतात. मंडळाच्या हेमराजनं ठरवलं की यंदा नाटकाच्या मांडवाशेजारी 'काल आणि आज' असं फोटोंचं प्रदर्शन लावायचं. हेमराजचे वडील गुलाब म्हणजे आरमोरीतले जुने फोटोग्राफर. ते गेल्यावर स्टुडिओचं झेरॉक्सचं दुकान झालं होतं. निगेटिव्ह सगळ्या वाळवीनं खाल्ल्या. उरलेल्या प्रिंटांचा एक खोका त्यानं रुपालीच्या टेबलावर आणून आदळला. "रुपालीबाई, जिथून बाबानं काढले तिथूनच तुम्ही आता काढा. सारखेच्या सारखे आले पाहिजे."

काम रुपालीच्या आवडीचं निघालं. त्याची एक युक्ती आहे, आणि ती तिला लवकरच साधली. जागची न हललेली एक खूण जवळची धरायची, एक लांबची. जुन्या फोटोत त्या एकमेकींच्या जशा आडोशाला आहेत, तशा दिसेपर्यंत आपण मागं-पुढं, डावं-उजवं सरकत राहायचं. दोन्ही जुळल्या की समजावं, आपले पाय आता बरोबर गुलाबच्या पायांवर आहेत. शाळेचं फाटक जुळलं, वैनगंगेचा घाट जुळला, बसस्टँड जुळला. भर रस्त्यात ट्रायपॉड घेऊन खेकड्यासारखी आडवी सरकणारी ही बाई बघायला पोरं जमायची. नवरा मिथुन लग्नात ड्रोन उडवायचा; तो म्हणायचा, "मले पागल म्हणते लोक, अन् तुले पाहून तं टाळ्या वाजवते." रुपाली खुशीत होती.

खोक्याच्या तळाशी बाजाराचा फोटो निघाला.

पोस्टकार्डाएवढा, पिवळा पडलेला. रस्ता, टोकाला राइस मिलचं धुराडं, कडेला दिव्याचा जुना दगडी खांब, पुढं उभी केलेली एक सायकल. आणि खांबाच्या बुडाशी मासोळीचं टोपलं घेऊन बसलेली एक जवान बाई. हातात तराजू उचललेला, तोंड कुणाकडं तरी वळवलेलं, दात दिसतील असं हसू. रुपालीनं फोटो उचलला; हे हसू ती रोज आरशात बघत होती. ती तशीच उठली आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घरी गेली.

गिरजाबाई अंगणात झिंगे वाळू घालत होती. पंचाहत्तरी उलटली होती, पण जिभेला अजून गंज नव्हता. रुपालीनं फोटो तिच्यापुढं धरला. म्हातारीनं तो जवळ नेला, लांब नेला, पदरानं पुसला.

"तोंडवळा मंगलीचा हाय," ती म्हणाली. रुपालीचा जीव सुपाएवढा झाला. "पन मंगली नाई."

"काऊन नाई?"

"धुराड्याकडं तोंड करून उभी राह्य. उजव्या हाताले तलाव येते, डाव्या हाताले मारुती. आमी ढिवरनी तलावाकडच्या ओळीत बसो. मासोळीवर पानी शिंपा लागे, अन् देवळाकडं वास नाई गेला पायजे. जलमात कधी कोनी ते ओळ बदलवली नाई. हे बाई तं डाव्या हाताले बसली हाय, देवळाकडं. तिकडं बांगड्यावाले बसे. अन् तो खांब? तो बी तलावाकडंच हाय, आजही हाय. देवळाकडं खांब कधी नोयताच. हा आपला बाजारच नाई वं. बाजूच्या वडशाचा असन. गुलाब कॅमेरा घेऊन साऱ्या बाजारात हिंडे."

"पण तोंड..."

"तोंडाचं नोको सांगू. तराजू पाह्य ना कोन्या हातात धरला. डाव्या! मंगलीनं डाव्या हातानं मोजलं असतं, तं म्या तिचं टोपलं तलावात फेकलं असतं. अन् गुलाबनं फोटो काढला तो मले आठोते. आमी दोघी बाजूबाजूले बसलो होतो. दोघींचा काढला. यात मी कुठी हाय?"

रुपालीनं फोटो परत घेतला. मग हळूच म्हणाली, "तू नुसतं हो म्हटलं असतं, तं काय बिघडलं असतं?"

"हो म्हनाले मले काय लागते? पन मंग रोज सकाळी तू परक्या बाईच्या पाया पडशीन. मेलेल्या मानसाच्या नावानं खोटं बोलू नाई." एवढं बोलून गिरजाबाई पुन्हा झिंग्यांकडं वळली, पण झिंगे उलटायचे सोडून नुसतीच त्यांच्यावरून हात फिरवत बसली.

रुपाली हट्टाला पेटली. बाजार आरमोरीचा ठरला, तर ती बाई आई असायला काही तरी आधार होता. वडशाचा ठरला, तर सगळंच संपलं. ती रोज सकाळी फोटो घेऊन त्या रस्त्यावर जाऊ लागली. धुराडं अजून उभं होतं, मिल बंद पडली तरी. खांबही होता, मोबाइलच्या दुकानाच्या फलकामागं अर्धा झाकलेला. पण फोटोत खांब धुराड्याच्या डावीकडं, आणि इथं रस्त्यावर मेला उजवीकडं. ती मागं सरकली, पुढं सरकली, गटाराच्या काठावर चढली, एकदा तर मिलच्या पलीकडं जाऊन उलट बाजूनंही बघून आली. तिकडून तर खांबच दिसेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं तिनं आधी लेन्सला दोष दिला, मग रस्ता रुंद करणाऱ्यांना, मग गुलाबलाही. हेमराजला विचारलं, "तुमचे बाबा वडशाच्या बाजारात जात होते का?" तो म्हणाला, "बाबा कुठं नाही जात होते ते विचारा."

शेवटी ती मनाशी म्हणाली, एक बाजाराचा दिवस बघू. गर्दी असली, पालं लागली, की कदाचित डोळ्यांना काही दिसेल. नाही दिसलं तर हा फोटो खोक्यात परत.

बाजाराच्या दिवशी तिनं ट्रायपॉड लावला आणि खांबाजवळ मनसाराम दिसला. मनसाराम हा कोसबीकडचा म्हातारा शेतकरी, दर बाजाराला सायकलवर भाजी घेऊन येणारा, बाजारातल्या उरल्यासुरल्या सायकलवाल्यांपैकी एक. रुपालीला वाटलं, निदान सायकल तरी जुन्या फोटोसारखी उभी करून बघू.

"मनसारामभाऊ, जरा सायकल इथी लावता का? फोटो काढाचा हाय."

"माहा का सायकलचा?"

"सायकलचा."

"मंग लावतो," मनसाराम म्हणाला. त्यानं ऐटीत सायकल स्टँडवर चढवली. रुपालीनं हातातला फोटो बघितला. "हँडल त्या बाजूनं करा, डावीकडं." त्यानं केलं. तिनं पुन्हा फोटो बघितला. फोटोतल्या सायकलची साखळी समोर दिसत होती, दात्यांचं चाक, चेनकव्हर, सगळं. इथं काहीच दिसेना. "भाऊ, चेनची बाजू माझ्याकडं करा ना." त्यानं सायकल फिरवली. "अहो, हँडल उजवीकडं गेलं आता! हँडल तसंच डावीकडं पाहिजे, अन् चेन इकडं."

मनसारामनं सायकल पुन्हा फिरवली. मग पुन्हा फिरवली. भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून बघू लागल्या. तिसऱ्या खेपेला त्याचा धीर सुटला.

"ओ बाई, तुमी मजाक करून राह्यल्या का? हँडल तिकडं केलं तं चेन मांगं जाते, चेन इकडं केली तं हँडल पलटते. दोनी कसं होईन? चेन उजव्या अंगालेच असते सायकलीले. माह्याबी, तुमच्या बापाच्याबी, साऱ्या दुनियेच्या. पटत नसन तं जाऊन पाहा!"

बायका खदाखदा हसल्या. रुपाली मात्र हसली नाही. ती तोंड उघडं टाकून सायकलीकडं बघत राहिली. साऱ्या दुनियेच्या सायकलींची साखळी उजव्या अंगाला असते, आणि या फोटोत ती डाव्या अंगाला होती. अशी सायकल ना आरमोरीत होती, ना वडशात.

तिनं खिशातून मोबाइल काढला. फोटो त्यात टिपलेला होताच. बोटानं तो आडवा पलटवला, डावीकडचं उजवीकडं केलं. खांब धुराड्याच्या उजवीकडं गेला. बाई उजव्या ओळीत गेली, तलावाकडं. तराजू उजव्या हातात आला. रुपाली मोबाइल समोर धरून दोन पावलं मागं सरकली, एक डावीकडं, आणि खांबाची कड धुराड्याच्या कडेला अशी येऊन टेकली की जणू गुलाबनंच तिचे खांदे धरून तिला तिथं उभं केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

जुन्या पद्धतीत निगेटिव्ह यंत्रात पालथी बसली की सगळं चित्र असं उलटं छापून येतं, आणि त्यात पाटी-बिटी नसली तर छापणाऱ्यालाही कळत नाही. रुपालीनं हे नागपूरला पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ती शिकली ती सगळी कार्डवाल्या कॅमेऱ्यावर. अंधाऱ्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून इतके दिवस तिनं सारा रस्ता पालथा घातला, आणि फोटो काही पालथा घालून बघितला नाही. स्वतःच्या अकलेचं तिला इतकं हसू आलं की मनसाराम घाबरला. तिनं त्याच्याकडची उरलेली सगळी वांगी घेतली आणि धावतच दुकान गाठलं.

मिथुन गिरजाबाईला गाडीवर बसवून घेऊन आला. ती कुरकुरतच आत शिरली. "त्या डब्यावर मले काई दिसत नाई. किती दा सांगू, नाई ते."

"बस तं खरी."

रुपालीनं फोटो पडद्यावर मोठा केला. आता टोपल्यातले मासे वेगळाले दिसत होते, लुगड्याचे काठ दिसत होते, हसताना बारीक झालेले डोळे दिसत होते. गिरजाबाई बघत राहिली. तिची मान हळूहळू पुढं आली.

"अवं मंगले!" ती एकदम म्हणाली. रुपालीला नव्हे, पडद्याला. "किती दिवसानं वं!"

रुपालीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मोठी माय, पक्कं सांग. माझ्यासाठी नोको सांगू."

"तुयासाठी कायले सांगू? मंगलीच हाय. इथी तलाव, इथी खांब, हे ते. त्या दिशी तं दुसरीच वाटे, जशी कोनी तिची बहीन." मग तिचं लक्ष पडद्याच्या कडेला गेलं. तिथं, फोटो जिथं संपत होता, तिथं कुणाचा तरी कोपरापासून पुढचा हात आत आलेला होता. टोपल्यातल्या माशाकडं बोट दाखवणारा. मोठा केल्यावर मनगटावरचं गोंदण दिसत होतं: एक विंचू आणि त्याखाली तीन टिकल्या. गिरजाबाईनं स्वतःची डावी बाही मागं सारली आणि हात पडद्याला लावला. कातडी सुरकुतली होती, विंचू जरा आक्रसला होता, टिकल्या तीनच होत्या.

"हा माहा हात," ती म्हणाली. "म्या म्हटलं नोयतं, दोघी होतो म्हनून? त्या गुलाबनं मले कापलं! इतके वर्सं मले वाटे, माहाबी फोटो हाय कुठीतरी."

मिथुन हसू लागला तशी तीही हसली, डोळे पुसत. मग एकाएकी बोलू लागली. या घरात मंगलीचं नाव निघालं की ती आजवर उठून कामाला लागायची. रुपालीला वाटायचं, तिला आवडत नाही. आज कळलं, तिला सोसत नव्हतं. "हासून काऊन राह्यली माहीत हाय? गुलाब म्हने, बाई, जरा हासा. तं मंगली मले म्हनते, 'फोटो फुकट काढून राह्यला, अन् वरून हासू बी मांगते. त्याले म्हना, हासू किलोनं भेटते!' म्या म्हटलं, गप वं, टोपल्यात पाह्य, मासा उडून राह्यला. तोच हा हात. अन् आमी दोघी अशा हासलो, अशा हासलो..."

रुपालीला आईचा चेहरा मिळाला होता, आणि वर आईचं एक आख्खं वाक्यही. ती खाली बसली आणि मोठ्या मायच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. रडता रडता हसू येत होतं. मिथुननं शहाण्यासारखं दुकानाचं शटर खाली ओढलं आणि चहा सांगायला गेला.

नवा फोटो पुढच्या बाजाराला काढला. मासोळीचा बाजार आता नव्या शेडमध्ये गेला आहे, पण मोबाइलवाल्यानं घटकाभर फलक बाजूला घेतला. खांबाच्या बुडाशी, मंगली बसली होती तिथं, रुपाली बसली. शेजारी पोतं अंथरून गिरजाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून. कॅमेरा मिथुनच्या हातात होता. ट्रायपॉड कुठं ठेवायचा याची खूण रुपालीनं रस्त्यावर खडूनं करून ठेवली होती. खांब आणि धुराडं तिथून हुबेहूब जुळत होतं. मिथुननं डोळा लावला आणि म्हणाला, "बरोबर हाय. काढू?"

"मोठी माय येते का पूर्ण?"

"नाई. हातच येऊन राह्यला फक्त. जसं त्यात आहे तसंच."

"मग खुणेवरून सरक. उजवीकडं ये. अजून. अजून ये."

"अरे, धुराडं जाईन कोपऱ्यात! जुळणार नाई मंग."

"जाऊ दे."

मंडईत नाटकाच्या मांडवाशेजारी सगळे फोटो लागले. लोक जोड्या बघत सरकत होते, शाळा ओळखत होते, घाट ओळखत होते, या झाडाखाली कोण चहा विकायचं यावरून भांडत होते. जुन्या बाजाराचा फोटो आता सुलटा करून मोठा लावला होता. त्याच्यापुढं गिरजाबाई खुर्ची टाकून बसली होती आणि येईल त्याला मंगलीचं किलोनं मिळणारं हसू ऐकवत होती.

हेमराज दोन्ही फोटोंपुढं बराच वेळ उभा राहिला. मग अवघडून म्हणाला, "रुपालीबाई, बाकी सारं एक नंबर झालं. पण ही एक जोडी काही जुळली नाही. पाहा ना, बाबानं कुठून काढला अन् तुम्ही कुठून. धुराडं पार कडेला गेलं."

"माहीत आहे भाऊ," रुपाली म्हणाली. "पण तुमच्या बाबांच्या फोटोत माझी एक माय कापल्या गेली होती. मी बी तिथूनच काढला असता, तं ती पुन्हा कापल्या गेली असती."

हेमराजनं खुर्चीतल्या गिरजाबाईकडं बघितलं, मग फोटोतल्या गिरजाबाईकडं. जोडी त्यानं तशीच राहू दिली.